कवडूजींच्या इंजिनावरचा आळ

कवडू सोनकुसरे मला पहिल्यांदा भेटले ते तक्रार घेऊन. साल १९६६. मी तेव्हा आमच्या दवाखान्यात निर्जंतुकीकरण खोलीची प्रमुख परिचारिका होते. शस्त्रक्रियेला लागणारी कापडं, हातमोजे, चिमटे, कात्र्या, सगळं माझ्या दोन ऑटोक्लेव्हमधून वाफेत तापून निघायचं. दारात एक उंच, सडपातळ माणूस उभा राहिला. खाकी अर्धी पँट, दंडापर्यंत कोळशाची काजळी.

"सिस्टर, तुमच्या मशिनीतलं गरम पाणी नालीत काहून सोडून राहिल्या?"

"मग कुठे सोडू?" मी तोडून म्हटलं.

"मले वापस द्या जी. कोळसा जाळून तापवलेलं पाणी हाय ते. तुमी फेकता, अन् मी पुन्हा थंड्यापासून तापवतो."

मला राग आला. बॉयलरवरचा माणूस मला माझं काम शिकवतो म्हणून. आठ दिवसांनी तोच माणूस स्वतः जुने नळ जोडत माझ्या खोलीपर्यंत आला, निवलेल्या वाफेचं पाणी परत बॉयलर हाऊसच्या टाकीत नेलं आणि जाताना म्हणाला, "आता तुमच्या नालीत डासबी होणार नाही." डास खरंच कमी झाले. तेव्हापासून मी त्यांना कवडूजी म्हणू लागले.

संस्थेचं नाव मी लिहीत नाही. नागपूर शहराबाहेर तिचं मोठं आवार होतं: आठशे खाटांचा दवाखाना, परिचारिकांची शाळा, तीन वसतिगृहं, एक मोठं स्वयंपाकघर आणि धुलाईघर. या सगळ्याला वाफ लागायची. भात-वरण वाफेवर शिजायचं, चादरी वाफेच्या पाण्यात उकळायच्या, हिवाळ्यात आंघोळीचं पाणी वाफेने तापायचं. आणि ही सगळी वाफ आवाराच्या मागच्या कोपऱ्यातल्या दोन कोळशाच्या बॉयलरांमधून यायची. तिथे कवडूजी मुख्य अटेंडंट होते.

मूळचे ते तांडापेठेतल्या विणकरांच्या घरातले. वडील हातमागावर नऊवारी लुगडी विणायचे. घरातला माग सहा माणसांना पुरेना, म्हणून सतराव्या वर्षी कवडूजी एका कापड गिरणीत कोळसा ओढायला लागले. शाळा चौथीपर्यंत. पण बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा त्यांनी तोंडी उत्तरं देऊन, दोन प्रयत्नांत पास केली. प्रमाणपत्र चौकटीत घालून बॉयलर हाऊसच्या भिंतीवर टांगलं होतं, आणि रोज सकाळी ते फडक्याने पुसायचे. गिरणीत त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. तिथे वाफ आधी टर्बाइन फिरवायची आणि मग रंगखात्याच्या हौदात जायची. एकाच कोळशावर दिवेही लागायचे आणि कापडही रंगायचं.

आमच्याकडे तसं नव्हतं. बॉयलरमध्ये वाफ दीडशे पौंडाच्या दाबाची तयार व्हायची. स्वयंपाकघराला आणि धुलाईघराला हवा पस्तीस पौंडाचा दाब. म्हणून मध्ये एक मोठा व्हॉल्व्ह बसवलेला होता, तो दाब उतरवायचा. त्यातून वाफ जाताना अशी किंकाळी निघायची की शेजारी उभं राहून बोलता येत नसे. कवडूजींनी एकदा मला तिथे उभं केलं.

"ऐकून राहिल्या ना? रोज चौदा घंटे हे असंच. एवढा जोर कोळशानं वाफेत भरला, अन् आपुन तो इथं बोंबलू देऊन राहिलो. या जोरावर इंजिन फिरलं असतं."

"आणि मग स्वयंपाकघराला काय उरलं असतं?"

"तेच तर! इंजिन फक्त जोर घेते. गरमी बहुतेक सारी तशीच राहते. इंजिनातून निघाल्यावर वाफ पस्तीस पौंडाची. भाताले तेवढीच तर पाहिजे."

तेव्हाचे अधीक्षक डॉक्टर मारोतराव हे ऐकून घेणारे गृहस्थ होते. कवडूजी टोपी हातात घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा मीही तिथे होते, कारण अर्ज मीच लिहून दिला होता. डॉक्टरांनी विचारलं, "वीज तर मंडळाकडून मिळतेच आहे. आपण कशाला हा उद्योग करायचा?"

"साहेब, मोठ्या वीजघरात वाफेनं टर्बाइन फिरवलं का तिले थंड पाण्यानं निववा लागते. कोळशातली अर्ध्याच्या वर गरमी तळ्यात अन् हवेत जाते. त्याहिचा दोष नाही. तिथं भात शिजवाले कोणी बसलं नाही. आपल्याकडं हजार माणसाचा भात हाय, चादरी हाय, आंघोळी हाय. आपली वाफ इंजिन फिरवून आली का सरळ कामाले लागते. फेकाचं काहीच नाही."

मारोतराव हसले आणि म्हणाले, "इंजिन आणा कुठून तरी. मग बघू."

कवडूजींनी ते शोधलं. नरखेड तालुक्यात एक जिनिंगचा कारखाना बंद पडला होता. तिथे कपाशीची सरकी काढायच्या यंत्रांना फिरवणारं एक उभं वाफेचं इंजिन होतं, विलायती बनावटीचं, गंजलेलं, त्यावर कबुतरांची घरटी. मालकाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडे झालं होतं. मालकाने इंजिन दवाखान्याला देऊन टाकलं. कवडूजी भट्टीत कोळसा टाकणारे दोन फायरमन घेऊन एस.टी.ने गेले, आठ दिवस तिथेच मुक्काम करून त्यांनी इंजिन खोललं आणि संत्र्यांच्या ट्रकवर भाग आणले. जोडीला वीज तयार करणारं यंत्र डॉक्टरांनी लष्कराच्या लिलावातून मिळवलं. इंजिन आणि हे यंत्र यांच्यामध्ये हातभर रुंद चामडी पट्टा.

आणि इथे मी आडवी आले. सांगायला हवं. असल्या इंजिनात दट्ट्याला तेल द्यावं लागतं, आणि बाहेर पडणाऱ्या वाफेत ते तेल उतरतं. मी बॉयलर हाऊसमध्ये जाऊन सांगितलं, "कवडूजी, स्वयंपाकघराची वाफ भांड्याच्या दुहेरी भिंतीतून फिरते, अन्नाला लागत नाही. धुलाईघराचं चालेल. पण माझ्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफ थेट कापडाला लागते. तेलाचा एक थेंब चालणार नाही."

त्यांनी मला नळाचा नकाशा दाखवला. भिंतीवर कोळशानेच काढलेला. "हे पाहा जी. तुमची लाइन अलग. इंजिनाच्या आधीच फुटते. तुमच्या वाफेले इंजिनाचं तोंडबी दिसत नाही. बाकीच्या वाफेले तेल गाळाची टाकी लावली हाय, पण तुमच्यासाठी मी त्या टाकीवरबी भरोसा ठेवत नाही."

हे त्यांचे शब्द मला अक्षरशः आठवतात. पुढे मी ते तीन ठिकाणी सांगितले.

१९७१च्या जानेवारीत इंजिन सुरू झालं. किंकाळी थांबली. तिच्या जागी एक सावकाश, जड धपधप ऐकू यायला लागली. ऑपरेशन थिएटर, बाळंतपणाचा वॉर्ड, दोन शल्य-वॉर्ड आणि पाण्याचा पंप एवढं त्या विजेवर चालायचं. अडचण एकच होती: वाफ वापरली जात असेल तेव्हाच इंजिन फिरणार. मग कवडूजी धुलाईघरात गेले आणि त्यांनी धुण्याच्या वेळाच बदलून घेतल्या. सकाळी आठ ते एक, ऑपरेशनांच्या वेळेत, चादरी उकळायच्या. धुलाईघरातल्या बायकांनी आधी खूप आरडाओरडा केला. मग दुपार मोकळी मिळते म्हणून खूष झाल्या. कोळशाचा हिशेब मी स्वतः विचारला होता. पूर्वी दिवसाला सहा टन लागायचा. गरम पाणी परत घ्यायला लागल्यावर सव्वापाचवर आला. इंजिन आल्यावर साडेपाच. म्हणजे फक्त पाव टन जादा कोळशात एवढी वीज, आणि तरीही जुन्या खपापेक्षा कमीच!

पुढच्या दोन वर्षांत विजेची कपात आली. शहरात दुपारी पंखे बंद, गिरण्यांच्या पाळ्या रद्द. एकदा सकाळी अकरा वाजता एका रुग्णाचं पोट उघडलेलं असताना सगळ्या आवारातली वीज गेली. कार्यालय अंधारात, शाळा अंधारात. थिएटरमधला दिवा हललासुद्धा नाही. शल्यविशारदांना वीज गेल्याचं कळलं ते बाहेर आल्यावर. अशी सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत कवडूजींच्या नावाचा एक कागद निघाला नाही, कोणी कौतुकाचा एक शब्द लिहिला नाही. त्यांनाही त्याचं काही नव्हतं.

मारोतराव निवृत्त झाले. नवे अधीक्षक आले आणि त्यांच्याबरोबर बांधकाम-यंत्र विभागाचे नवे अभियंता, केशवराव. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. बॉयलर हाऊसमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा नाकाला रुमाल लावून आले. इंजिन पाहून म्हणाले, "हे भंगार अजून चालतं?"

"चालते जी. चांगलं चालते," कवडूजी म्हणाले.

"विचारलं नाही तुला."

पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसाला 'तुला'. मी तिथेच होते.

१९७७च्या पावसाळ्यानंतर माझ्या ऑटोक्लेव्हचा वेगळा नळ गळायला लागला. जमिनीखालून जाणारा भाग सडला होता. कवडूजींनी साठ फूट नवा नळ मागितला. केशवराव म्हणाले, "नवा नळ कशाला? इंजिनातून निघणारी वाफ सिस्टरच्या त्या खोलीच्या भिंतीवरूनच जाते. तिलाच जोडून टाक."

कवडूजींनी नकार दिला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "सिस्टर, लिहून द्या. बोललेलं उडून जाते."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, त्यांच्या सहीने. इंजिनाच्या वाफेत तेलाचा अंश असतो, धुलाईघर सुरू असताना तिचा दाबही खाली येतो. ती ऑटोक्लेव्हला जोडल्यास कापड निर्जंतुक होणार नाही आणि रुग्णाच्या जिवाला धोका आहे. तरी नवा नळ मिळावा. तारीख ९ जानेवारी १९७८. ते पत्र कवडूजींनी आवक खिडकीवर नेऊन दिलं. नक्कल ठेवायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचं, चंद्रकलाचं लग्न होतं. ते पाच दिवस रजेवर गेले. तेवढ्यात केशवरावांनी बाहेरचा एक फिटर बोलावला आणि नळ जोडून घेतला. मला कोणी सांगितलं नाही.

मला कळलं ते कापडावरून. सकाळी ऑटोक्लेव्ह उघडला तर गाठोडी ओली. प्रत्येक गाठोड्यात आम्ही लाल पाण्याची एक छोटी काचनळी ठेवायचो. पुरेशी उष्णता पुरेसा वेळ मिळाली की ती हिरवी होते. ती पिवळट होऊन थांबली होती. मी सगळी गाठोडी अडवली आणि अधीक्षकांकडे गेले. ते म्हणाले, "आज सात ऑपरेशनं आहेत, सिस्टर. रुग्ण उपाशी पोटी टेबलावर आहेत. पुन्हा एकदा तापवा आणि पाठवा." मी पुन्हा तापवली. दुसऱ्यांदा नळी हिरवट झाली. कापड दमटच होतं, आणि दमट कापडातून जंतू पुन्हा आत शिरतात. मी ते पाठवलं. माझ्या हातांनी.

तीन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी कवडूजी आले. लग्नाची हळद अजून हाताला होती. रजा एक दिवस उरलेली असताना ते नुसतं बॉयलर बघायला आले होते. माझ्या खोलीजवळून जाताना थांबले. आत आले, एक टॉवेल उचलून नाकाला लावला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खुर्चीवरून उठले.

"हे कोणं केलं?"

मी भिंतीवरच्या नळाकडे बोट दाखवलं.

ते धावत गेले. दहा मिनिटांत तो जोड बंद केला. लग्नाच्या धोतरात, चार फायरमन घेऊन, त्यांनी बॉयलर हाऊसच्या छपराचा आधाराचा नळ काढला आणि संध्याकाळपर्यंत माझी जुनी लाइन जमिनीच्या वरून पुन्हा जोडून दिली. दुसऱ्या सकाळी काचनळी हिरवीगार.

पण पाच जणांच्या जखमांमध्ये पू झाला होता. चौघं वाचले. गोपिका नावाची उमरेडची एक बाई, वय चौतीस, गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी आलेली, ती नवव्या दिवशी गेली. तिला दोन मुलं होती.

चौकशी समिती बसली. तीन सभासद, चहा, बिस्किटं. केशवरावांनी सांगितलं की इंजिन हीच मूळ चूक. एका अशिक्षित कामगाराच्या हट्टाने बसवलेलं, कुठल्याही तज्ज्ञाने न तपासलेलं. नळ कोणी जोडला? त्यांना माहीत नव्हतं. बॉयलर हाऊसची जबाबदारी कवडूची. फिटर? कोणता फिटर?

मी सगळं सांगितलं. वेगळ्या लाइनचं, पत्राचं, रजेचं. अध्यक्षांनी विचारलं, "पत्र कुठे आहे?"

"फाइलमध्ये असेल. मीच लिहिलं होतं."

फाइल आणली. पत्र नव्हतं.

"सिस्टर, तुमच्या खोलीतून दमट कापड गेलं. तुम्ही कोणाला वाचवायला बघताय ते आम्हाला समजतं," ते गोड आवाजात म्हणाले. माझी जबानी दोन तास चालली. अहवालात तिच्या दोन ओळी आल्या. आणि शेवटी हे वाक्य: 'बॉयलर अटेंडंट श्री. सोनकुसरे यांनी बसविलेल्या इंजिनाच्या तेलकट वाफेमुळे व त्यांच्या निष्काळजीपणामुळे सदर मृत्यू घडला.'

जून महिन्यात कवडूजींना काढून टाकलं. चौकटीतलं प्रमाणपत्र काखेत घेऊन ते सायकलवरून घरी गेले.

तो अहवाल कोणीतरी गोपिकाच्या नवऱ्याला वाचून दाखवला. त्याचं नाव बाबनराव, उमरेडचा विणकर. तो तांडापेठेत आला, कवडूजींच्या दारात उभा राहिला आणि सगळ्या गल्लीसमोर ओरडला, "माह्या बायकोले तू मारलं! तुह्या मशिनीनं मारलं!" कवडूजींची बायको तुळजाबाई पुढे झाली, तिला त्यांनी हाताने मागे सारलं. "बोलू दे वं त्याले. त्याची बायको गेली." तो थकेपर्यंत बोलला. कवडूजी उभे राहून ऐकत राहिले. हे मला तुळजाबाईंनी सांगितलं. "माणूस बिमार पडला त्या दिवसापासून. जेवला नाही दोन दिवस. अन् जेनं केलं तो मस्त पंख्याखाली बसून हाय!"

खरंच होतं. केशवराव पंख्याखालीच होते. पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली. इंजिन तोडलं. त्याचं मोठं चाक अखंड निघेना म्हणून गॅसच्या ज्योतीने कापून तीन तुकडे केले. मी वऱ्हांड्यातून पाहत होते. सात वर्षं ज्याने थिएटरचा दिवा विझू दिला नाही, त्याला आवाराबाहेर नेताना हमाल शिव्या देत होते. जागी डिझेलचा जनरेटर आला. तो वीज गेल्यावर पंधरा मिनिटांनी, मनात आलं तर, सुरू व्हायचा. आणि बॉयलर हाऊसमध्ये पुन्हा तीच किंकाळी. मी चार खोल्या पलीकडे बसूनही ऐकायची.

पन्नास वर्षांचे कवडूजी घरी बसून मागासाठी कांड्या भरायला लागले. फावडं धरून राठ झालेल्या बोटांत सूत तुटायचं. तुळजाबाई मागावर बसायच्या. मी महिन्यातून एकदा जायची. त्यांना एकच गोष्ट खुपायची. "नोकरी गेली तर गेली. पण ते वाक्य खोटं हाय, सिस्टर. माह्या वाफेनं कोणी मेलं नाही. माही वाफ तुमच्या खोलीत कधी आलीच नव्हती. त्याहिनं आणली."

कामगार न्यायालयात खटला घातला. कामगार संघटनेचा वकील होता. तारखा पडत राहिल्या. संस्थेचा वकील कधी आजारी, कधी परगावी. सहा वर्षं! सहावं वर्ष संपत आलं तेव्हा मला आवक खिडकीची आठवण झाली. पत्र फाइलमधून काढता येतं, पण आवक नोंदवहीचं पान काढलं तर शिवण उसवते. तिथे तेव्हा सुभद्रा नावाची कारकून होती. मी तिला विचारलं, जुन्या वह्या कुठे असतात?

"तळघरात. काहून?"

मी कारण सांगितलं. तिने आधी खिडकी लावून घेतली. नवरा नसलेली, एकट्या पगारावर घर चालवणारी बाई. मग म्हणाली, "तुमी वकिलाले सांगा, न्यायालयाकडून वही मागवा. मागवली का मी आणून देते. हरवली म्हणणार नाही."

न्यायालयाने वही मागवली. सुभद्रा ती कापडात बांधून स्वतः घेऊन आली. ९ जानेवारी १९७८. अनुक्रमांक ११७. 'बॉयलर हाऊस, श्री. सोनकुसरे. ऑटोक्लेव्हच्या वाफेचा नळ, धोक्याबाबत.' पुढच्या रकान्यात, पत्र मिळाल्याची सही: केशवराव.

न्यायाधीशांनी ती सही केशवरावांना दाखवली. "ही तुमची का?"

"रोज शंभर कागदांवर सही करतो, साहेब."

"मी एकाच कागदाबद्दल विचारतोय."

मार्च १९८५मध्ये निकाल लागला. बडतर्फी बेकायदा, कामावर परत घ्या, मधल्या वर्षांचं वेतन द्या. केशवरावांना काय झालं? काही नाही. ते तोपर्यंत दुसऱ्या संस्थेत मोठ्या जागेवर गेले होते. न्यायालयासमोर प्रश्न नोकरीचा होता, त्यांचा नव्हता.

कवडूजी सत्तावन्नाव्या वर्षी कामावर परतले. प्रमाणपत्र परत भिंतीवर लावलं. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "अर्ज लिहून द्या. अहवालातलं ते वाक्य काढा म्हणून." मी लिहिला, या वेळी नक्कल ठेवली. उत्तर आलं: 'सदर विषय संपुष्टात आलेला आहे.' पुन्हा लिहिला. पुन्हा तेच उत्तर. वर्षभरात अकरा अर्ज झाले. एका सचिवाने तर मलाच बोलावून विचारलं, "पैसे मिळाले ना त्याला? मग आता काय हवंय?" मी म्हटलं, "एक ओळ खोडायची आहे. त्याला किती शाई लागते?" त्याने मला बाहेर जायला सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन मंडळी आली तेव्हा कवडूजींनी सगळ्यांदेखत विचारलं, "वाक्य काढलं का जी?" एकाने नुसता नारळ पुढे केला. त्यांनी शाल खुर्चीवर ठेवली आणि सायकल काढली.

त्यानंतर महिन्याभराने ते माझ्याकडे आले. न्यायालयाच्या निकालाची प्रत हातात. "उमरेडले जाचं हाय. तुमी संगं चला. मले वाचून दाखवता येणार नाही."

बाबनराव मागावर बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी हात थांबवले. कवडूजींना ओळखलं. बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी उभ्या उभ्याच निकाल वाचला, समजेल अशा भाषेत सांगितला. नळ कोणी जोडला, पत्र काय होतं, कोणी दाबलं, तेल कुठून आलं. त्यांची दोन्ही मुलं, आता मोठी झालेली, दारात येऊन ऐकत होती.

बाबनरावांनी कवडूजींकडे पाहिलं. "मी तुमच्या दारात येऊन बहू वाईट बोललो होतो."

"तुमच्या जागी मीबी बोललो असतो, भाऊ."

मग बाबनराव माझ्याकडे वळले. "तुमी त्या खोलीतल्या बाई न? जिथून कापड गेलं?"

"हो."

"कापड ओलं दिसलं होतं तुमाले?"

"दिसलं होतं. मी अडवलं. वरून हुकूम आला. मी पुन्हा तापवलं आणि पाठवलं."

"हे सारं तुमाले तवापासून मालूम होतं. मंग आठ वर्षं तुमी काहून नाही आल्या? उमरेड काय परमुलखात हाय का? एस.टी. रोज येते."

कवडूजी मध्ये बोलायला गेले. मी त्यांना थांबवलं. समितीपुढे बोलले होते, न्यायालयात बोलले होते, सचिवापुढे बोलले होते, आणि त्या प्रत्येक वेळी मी स्वतःला बरी बाई समजले होते. ज्याची बायको गेली त्याला जाऊन सांगावं, हे आठ वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, माफ केलं की नाही ते कळलं नाही. धाकट्या मुलाने निकालाची प्रत मागितली. मी दिली. तो दारातच बसून पहिल्या पानापासून वाचायला लागला.